मैत्रीचा हजेरीपट नसतो

३० जुलै १९६७. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात सतरा वर्षांच्या जोनी एरेक्सनने सूर मारला. पाणी उथळ निघाले, मान मोडली आणि खांद्याखालचे शरीर कायमचे लुळे पडले. पुढे ही मुलगी तोंडात ब्रश धरून चित्रे काढणारी चित्रकार आणि लेखिका म्हणून नावारूपाला आली. १९७९ मध्ये तिने अपंगांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी ‘जोनी अँड फ्रेंड्स’ ही ख्रिस्ती संस्था काढली. रुग्णालयातल्या त्या दिवसांविषयी बोलताना ती एक आठवण नेहमी सांगते. एका संध्याकाळी भेटीची वेळ संपली, पण तिची शाळेतली एक मैत्रीण घरी गेलीच नाही, लपून बसली. रात्री परिचारिकांची नजर चुकवून ती रांगत खोलीत आली, पलंगावर जोनीशेजारी आडवी झाली आणि अंधारात हलक्या आवाजात उपासनेतले एक गीत गायली.

ही मुलगी कोणत्याही उपक्रमाची स्वयंसेविका नव्हती. तिने अर्ज भरला नव्हता, तिला प्रमाणपत्र मिळणार नव्हते. सापडली असती तर उलट बोलणी खावी लागली असती. आज अमेरिकेतल्या चर्चमध्ये किशोरवयीन मुलामुलींना विशेष गरजा असलेल्या सोबत्यांशी जोडून देणारे कितीतरी प्रकार रुळले आहेत: शिबिरे, साप्ताहिक क्लब, नृत्यसंध्या, संडे स्कूलमधल्या जोड्या. अशा जोडीदाराला तिथे ‘बडी’ म्हणतात, म्हणजे सवंगडी. नेमून दिलेला हा बडी खरोखर सवंगडी होतो का, आणि होत असेल तर कशामुळे, एवढे या आढाव्यात पाहायचे आहे.

आधी नकार, मग सेवा

या चळवळीचे मूळ शोधत मागे गेले की सेवाभावाच्याही आधी नकार सापडतो. फ्रान्समधल्या एका जोडप्याचे दोन्ही मुलगे गंभीर बौद्धिक अक्षमता असलेले. १९६८ च्या सुमारास त्यांनी आपल्या धर्मप्रांताच्या लूर्द यात्रेत नाव घालायचे ठरवले. ‘मुलांना यातले काही कळणार नाही आणि इतरांना त्रास होईल’ असे सांगून त्यांना नाकारले गेले. मग ते एकटेच गेले. तिथल्या हॉटेलने खोली दिली, पण जेवण खोलीतच घ्यायचे या अटीवर. त्यांचे हे शल्य मारी-एलेन मातिओ आणि जाँ वानिए (त्यांच्याविषयी पुढे येईलच) यांच्यापर्यंत पोचले. त्यातून १९७१ च्या ईस्टरला लूर्दमध्ये १५ देशांतून सुमारे १२,००० यात्रेकरू जमले आणि त्यांतले जवळजवळ ४,००० जण बौद्धिक अक्षमता असलेले होते. यात्रा संपल्यावरही हे गट मोडले नाहीत. ‘फेथ अँड लाइट’ या नावाने ते आजही महिन्यातून एकदा भेटतात. गटाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. त्यात अक्षमता असलेल्या व्यक्ती असतात, त्यांचे आईवडील असतात आणि तिसरा घटक असतो मित्रांचा. हे मित्र बहुतेक तरुण असतात. त्यांना कार्यकर्ता किंवा स्वयंसेवक म्हटले जात नाही, मित्रच म्हटले जाते.

ब्रिटनमध्ये ही वाट थोडी आधी पडली होती. १९५६ मध्ये मायकेल स्ट्रोड हे डॉक्टर चार अपंग मुलांना घेऊन लूर्दला गेले. तेव्हा आजारी-अपंग यात्रेकरूंची सोय तिथल्या रुग्णनिवासात होत असे. स्ट्रोड यांच्या परंपरेत मात्र मुले लहान गटांनी, आपापल्या मदतनीसांबरोबर, सुट्टीवर आल्यासारखी साध्या हॉटेलात उतरू लागली. जागा बदलली तसे नातेही बदलले, कारण रुग्णनिवासातला सोबती परिचारक ठरतो आणि हॉटेलातला सहप्रवासी.

अमेरिकेतली गोष्ट केनेडी घराण्यातून सुरू होते. युनिस केनेडी श्रायव्हर यांची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिकदृष्ट्या अक्षम होती. १९४१ मध्ये तिच्या मेंदूवर केलेल्या शस्त्रक्रियेने होते तेही गेले, आणि पुढचे बहुतेक आयुष्य तिने विस्कॉन्सिनमध्ये फ्रान्सिस्कन जोगिणींच्या संस्थेत काढले. आपल्या मुलाला कोणतेच उन्हाळी शिबिर घेत नाही, असे गाऱ्हाणे एका आईने सांगितल्यावर श्रद्धाळू कॅथलिक असलेल्या युनिसबाईंनी १९६२ च्या उन्हाळ्यात मेरिलंडमधल्या आपल्या घराच्या हिरवळीवरच शिबिर भरवले. मार्गदर्शक म्हणून शाळा-कॉलेजातली मुले बोलावली आणि एकेका मुलाला शक्यतो एकेक सोबती दिला. शिबिर चर्चचे नव्हते. पण आज चर्चमध्ये दिसणारी ‘एकास एक’ ही मांडणी त्या हिरवळीवर पक्की झाली. १९६८ मध्ये शिकागोत भरलेले पहिले स्पेशल ऑलिम्पिक्स हे याच रोपाचे झाड.

मोजायची पट्टी

नंतरच्या काळात उपक्रम वाढले आणि त्यांना तोलायची गरज भासू लागली. अक्षमता आणि श्रद्धासमूह या विषयावर दीर्घकाळ काम करणारे संशोधक एरिक कार्टर यांनी आपलेपणाच्या दहा पायऱ्या मांडल्या आहेत: हजर असणे, बोलावले जाणे, स्वागत होणे, ओळखले जाणे, स्वीकारले जाणे, आधार मिळणे, काळजी घेतली जाणे, मैत्री लाभणे, आपली गरज असणे आणि प्रेम मिळणे. यादी साधी वाटते, पण तिच्यात चढण आहे. पहिल्या तीन पायऱ्या एका संध्याकाळीही चढता येतात. शेवटच्या तिन्हींना वर्षे लागतात, आणि ‘आपली गरज असणे’ या नवव्या पायरीवर तर देणारा-घेणारा यांच्या जागाच बदलतात.

पहिल्या पायरीचीही वाण आहे. अँड्र्यू व्हाइटहेड यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतील बालआरोग्याच्या राष्ट्रीय सर्वेक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑटिझम असलेली मुले उपासनेला कधीच न जाण्याची शक्यता इतर मुलांच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे त्यात दिसले. कायद्याचा धाकही इथे नाही. अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या अमेरिकन कायद्याने दुकाने, हॉटेले, चित्रपटगृहे यांना सोयी करायला लावल्या, पण धार्मिक संस्थांना त्यातून सूट दिली. त्यामुळे चर्चने दार उघडले की नाही, हे बव्हंशी तिथल्या माणसांच्या मनावर राहिले.

चार नमुने

सर्वांत गाजलेला नमुना ‘नाइट टु शाइन’. फुटबॉलपटू टिम टीबो यांच्या फाउंडेशनने २०१५ मध्ये ४४ चर्चच्या साथीने तो सुरू केला. आता व्हॅलेंटाइन दिनाच्या आगेमागे एका रात्री अनेक देशांतली शेकडो चर्च एकाच वेळी तो साजरा करतात. अमेरिकन शाळेतली ‘प्रॉम’ ही नृत्यसंध्या म्हणजे तिथल्या किशोरांचा मोठाच सोहळा, आणि विशेष मुलांना तो सहसा लाभत नाही. इथे चौदा वर्षांपुढचा प्रत्येक पाहुणा लाल गालिच्यावरून आत येतो आणि दोन्ही बाजूंची माणसे टाळ्या वाजवत त्याचे नाव पुकारतात. केस-मेकअपची टेबले असतात, बुटांना पॉलिश करून देणारे असतात, लिमोझिनची फेरी असते. आवाज सोसत नसेल त्याच्यासाठी शांत खोली असते. आईवडिलांसाठी वेगळ्या खोलीत जेवण मांडलेले असते, कारण कित्येक महिन्यांत निवांत बसून जेवायची त्यांची ही पहिलीच वेळ असू शकते. शेवटी प्रत्येकाच्या डोक्यावर मुकुट चढतो. राजा किंवा राणी एकच निवडायची नसते, सगळेच राजे आणि सगळ्याच राण्या.

दुसरा नमुना साप्ताहिक क्लबांचा. ‘यंग लाइफ’ या किशोरांसाठीच्या ख्रिस्ती संघटनेत निक पालेर्मो यांनी १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे इथे ‘कपर्नियम’ ही शाखा सुरू केली. मराठी बायबलमध्ये या गावाचे नाव कफर्णहूम असे आहे. पक्षाघाती मित्राला चौघांनी उचलून आणले, पण दाराशी गर्दी होती, म्हणून छप्पर उघडून त्याची बाज आत सोडली, ती कथा तिथली. क्लबमध्ये गाणी, धांगडधिंगा, खाणेपिणे आणि थोडे प्रवचन असते. यातली लक्षणीय गोष्ट म्हणजे ही मुले संघटनेच्या त्याच उन्हाळी छावण्यांना जातात जिथे इतर किशोर जातात.

तिसरा, ‘जोनी अँड फ्रेंड्स’ची कौटुंबिक शिबिरे. इथे आठवडाभर एकेका कुटुंबाच्या दिमतीला सोबती दिलेला असतो. किशोरवयीन मुले त्या घरातल्या विशेष मुलाबरोबर पोहतात, खेळतात, त्याला जेवायला मदत करतात. त्याच्या सख्ख्या भावाबहिणीलाही घटकाभर मोकळीक मिळते. घरात सतत दुसऱ्या रांगेत बसलेल्या या भावंडांकडे बाकीच्या नमुन्यांचे फारसे लक्ष जात नाही.

चौथा नमुना सगळ्यांत साधा, बिनदिखाव्याचा. दर रविवारी संडे स्कूलच्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी विशेष सोबत्याशेजारी बसते. गोंगाट वाढला की त्याला बाहेर चक्कर मारून आणते, चित्र चिकटवताना कागद धरते, त्याची पाळी आली की थांबून राहते. याचे फोटो कोणी काढत नाही. पण पायऱ्या मोजायच्या तर हाच नमुना सर्वांत वर पोचतो, कारण तो ५२ रविवार चालतो.

किशोरच का?

मदतीला मोठी माणसे असताना शाळकरी मुलांवर ही जबाबदारी कशाला, अशी शंका येते. उत्तर शाळेच्या वर्गातून मिळाले. व्हरमाँट विद्यापीठाचे मायकेल जियान्ग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की विशेष विद्यार्थ्याला चिकटून प्रौढ मदतनीस बसला की वर्गमित्र दूर राहतात. मदत मिळते आणि सोबत जाते. पुढे कार्टर आणि इतरांच्या अभ्यासांत, त्याच जागी दोन-तीन समवयस्कांना थोडे शिकवून बसवले तर बोलणेचालणे वाढते असे दिसले. चौदा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात बाई, थेरपिस्ट, डॉक्टर, ड्रायव्हर अशी पगारी मोठी माणसे भरपूर असतात. त्याला टंचाई असते ती फालतू विनोदाला खिदळणाऱ्या चौदा वर्षांच्या दुसऱ्या मुलाची.

पण नुसते जवळ बसवून मने जवळ येत नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगून ठेवले होते की दोन गटांतला दुरावा कमी व्हायचा तर बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, एकमेकांवाचून न होणारे काम आणि वरिष्ठांचा पाठिंबा या चार गोष्टी लागतात. चर्चमध्ये शेवटची गोष्ट सहज मिळते, पाळकांनी एकदा सांगितले की झाले. घोडे अडते पहिलीवर. एकाच्या छातीवर ‘मदतनीस’ आणि दुसऱ्याच्या छातीवर ‘पाहुणा’ असा बिल्ला असेल तर बरोबरी कुठून येणार?

अपंगांचे स्वतःचे म्हणणे

सर्वांत टोकदार आक्षेप अपंगांनीच घेतले आहेत. अमेरिकन धर्मचिंतक नॅन्सी आइसलँड जन्मापासून हाडांच्या विकाराने अपंग होत्या. १९९४ च्या ‘द डिसेबल्ड गॉड’ या पुस्तकात त्यांनी चर्चच्या तीन सवयींवर बोट ठेवले: अपंगत्वाचा पापाशी संबंध जोडणे, ते मुकाट सोसण्याला पुण्य मानणे आणि दान देऊन अपंगांना वेगळे बसवणे. पुनरुत्थानानंतरही येशूच्या हातापायांवर जखमा होत्या, याची आठवण त्यांनी करून दिली. ज्याच्या शरीरावर व्रण आहेत त्या देवाच्या मंदिरात व्रण असलेला माणूस परका कसा?

ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग या चाकाच्या खुर्चीतून वावरणाऱ्या पत्रकार आणि विनोदवीर. अपंगांच्या साध्यासुध्या जगण्याला धडधाकटांसाठी प्रेरणेचा खुराक बनवण्याच्या वृत्तीवर त्यांनी २०१२ पासून जहरी टीका केली. नृत्यसंध्येनंतर समाजमाध्यमांवर फिरणारे मुकुटधारी फोटो पाहताना त्यांची टीका आठवते. फोटो कोणासाठी आहे, ज्याच्या डोक्यावर मुकुट आहे त्याच्यासाठी की शेजारी उभ्या असलेल्याच्या मनाच्या समाधानासाठी?

वयाचाही प्रश्न आहे. वुल्फ वुल्फेन्सबर्गर यांनी १९७२ मध्ये सामान्यीकरणाचे तत्त्व विस्ताराने मांडले, तेव्हापासून विशेष व्यक्तींना त्यांच्या वयाप्रमाणे वागवा, हा धडा गिरवला जात आहे. तरी तिशीतल्या माणसापुढे रंगवायला ससा ठेवणारे वर्ग अजून आहेत. सोळा वर्षांची बडी तिशीतल्या बाईंना ‘किती गोड!’ म्हणते तेव्हा तिचा हेतू वाईट नसतो, पण मैत्री तिथेच संपलेली असते.

मग सेवेच्या तासांचा हिशेब. ज्या मेरिलंडमध्ये जोनीची मैत्रीण रांगत तिच्या खोलीत आली, त्याच मेरिलंडने १९९२ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण करायला सेवाकार्याची अट घातली. असे करणारे ते देशातले पहिले राज्य, आणि ही अट ७५ तासांची आहे. अमेरिकेतल्या अनेक कॅथलिक धर्मग्रामांतही दृढीकरण संस्काराआधी किशोरांकडून सेवेचे तास मागितले जातात. यातून कित्येक मुले पहिल्यांदा विशेष सोबत्यापर्यंत पोचतात, हा फायदा नाकारता येणार नाही. पण तास भरले की येणे थांबते, आणि का थांबले हे सोबत्याला कोणी समजावून सांगत नाही.

त्याहून मोठा खड्डा अठराव्या वर्षी येतो. ऑगस्टमध्ये बडी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात जातो. विशेष विद्यार्थ्याला शाळेच्या सेवा साधारण एकविशीपर्यंत मिळतात, नंतर त्याही संपतात आणि तो घरी बसतो. दरवर्षी नवा बडी येतो, ओळख होईतो जातो. आईवडील सांगतात की मुलगा दर ऑगस्टमध्ये एक निरोप सोसतो. यावर सर्वांत धीट उत्तर मिशिगनमधल्या हॉलंड गावच्या वेस्टर्न थिऑलॉजिकल सेमिनरीने शोधले. २००७ पासून तिथल्या ‘फ्रेंडशिप हाउस’मध्ये पाळक व्हायला निघालेले विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेले तरुण एकत्र राहतात. भांडी घासण्याच्या पाळीवरून भांडतातही. भांडण होऊ शकते, म्हणजे बरोबरी आली.

शेवटचा आक्षेप गंभीर. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांसोबत एका छताखाली राहण्याची ‘लार्श’ ही चळवळ जाँ वानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केली. लार्श म्हणजे तारू, नोहाचे. वानिए २०१९ मध्ये वारले तेव्हा जग त्यांना संत मानत होते. संस्थेनेच नेमलेल्या चौकशीतून २०२० मध्ये कळले की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी सहा स्त्रियांचे शोषण केले होते. २०२३ च्या अहवालात हा आकडा किमान २५ वर गेला. या स्त्रिया अक्षमता असलेल्या नव्हत्या, पण धडा तोच आहे: पवित्र माणसाच्या शब्दावर सुरक्षितता सोपवायची नसते. स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासणे, कोणालाही बंद खोलीत एकाच व्यक्तीबरोबर न ठेवणे, कपडे बदलणे किंवा शौचाची मदत किशोरांकडे न देणे, हे नियम अविश्वासातून आलेले नाहीत. किशोर आणि त्याचा सोबती दोघांचेही ते कुंपण आहे. संस्थेने स्वतःच ही चौकशी करवून जाहीर केली, याची नोंदही घ्यायला हवी.

आपल्या अंगणात

भारतात ‘लार्श’चे पहिले घर १९७० मध्ये बेंगळुरूला ‘आशा निकेतन’ नावाने उघडले. इथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती एकत्र राहतात, त्यामुळे चर्चचा उपक्रम आपोआप सर्वधर्मीय झाला. महाराष्ट्राचा दुवा याहून जुना आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींसाठी ‘बार्तिमी सदन’ काढले. त्यांची कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकल्या आणि तिथल्या मुलींना शिकवू लागल्या.

किशोरांच्या मदतीची एक रीत तर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. दहावीच्या अंध परीक्षार्थीशेजारी खालच्या इयत्तेतला विद्यार्थी लेखनिक म्हणून बसतो. पेपरभर दोघांचे डोके एकाच कागदावर असते. एकाला उत्तर येत असते, दुसऱ्याला लिहिता येत असते, आणि दोघांचेही दुसऱ्यावाचून अडते. ऑलपोर्ट यांच्या चार अटींपैकी बहुतेक या बाकावर पुऱ्या होतात. पण पेपर संपला की ओळखही पुष्कळदा संपते. आपल्या मंडळ्यांच्या तरुण संघांना, वसईपासून अहिल्यानगरपर्यंतच्या धर्मग्रामांना सुरुवात करायला परदेशी नमुना आणायची गरज नाही. परीक्षेनंतरच्या सुट्टीत त्या दोघांना एकत्र बोलावले तरी पुरे.

निवाडा

सगळे नमुने मांडून झाल्यावर कौल द्यायचा तर असा: सोहळा दार उघडतो, पण मैत्री रविवारी होते. नृत्यसंध्येला हिणवायचे कारण नाही, कारण ज्याला कधीच कोणी बोलावले नाही त्याला मुकुटही मोलाचा असतो. मात्र त्या रात्रीचा हिशेब दुसऱ्या दिवशी घ्यावा. पाहुण्याला सोमवारी कोणाचा फोन आला का? पुढच्या रविवारी तो कोणाशेजारी बसला? आणि त्याच्याकडे काही काम सोपवले का: गीतपुस्तके वाटणे, घंटा वाजवणे, दारात उभे राहून येणाऱ्याला ‘जय ख्रिस्त’ म्हणणे? ज्या मंडळीत असे काम आहे तिथे तो नवव्या पायरीवर पोचला, आणि त्याची वाट पाहणारे दोन-चार किशोर तिथे आपोआप तयार होतात.

केडगावच्या त्या सदनाला बार्तीमयाचे नाव आहे. यरीहोच्या वाटेवर बसलेला हा आंधळा भिकारी येशूला मोठ्याने हाका मारत होता. तो आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होते. तरी येशूने आधी त्यालाच विचारले की तुझ्यासाठी मी काय करू. आपल्या चर्चमध्ये विशेष सोबत्यांसाठी काही सुरू करायचे मनात असेल तर गाद्यागिरद्या, फुगे आणि टी-शर्ट यांची यादी करण्याआधी एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि हाच प्रश्न त्यालाच विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. थांबा.